जयंतीचा निळा रंग लेकरांच्या गालावर : घरी करा, जपून लावा

एप्रिल जवळ आला की वस्तीत जयंतीची तयारी सुरू होते. पताका शिवायला पडतात, विहाराला चुना-रंग होतो, मंडळाची पोरे वर्गणीला निघतात. देखाव्यात कोण बाबासाहेब होणार, कोण रमाई, कोण सावित्रीमाई, हे ठरवायला घरोघरी बैठका होतात. आणि १४ एप्रिलला सकाळी लेकरांची एकच रांग लागते : “मावशी, माझ्या गालावर पण निळं चक्र काढा ना!”

ही हौस चांगली आहे. आपला सण लेकरांच्या अंगावर दिसावा, असे कोणाला वाटणार नाही? फक्त हौसेच्या भरात आपण एक गोष्ट विचारायची विसरतो. हा रंग कशाचा आहे? भिंतीचा ऑइलपेंट, कपड्यांची नीळ, शाळेचा पोस्टर कलर, मार्कर पेन, सुटा निळा गुलाल, रांगोळी, जे हाताशी असेल ते लेकराच्या तोंडाला लागते. संध्याकाळी तो निघाला नाही की मग रॉकेलचा बोळा. दुसऱ्या दिवशी गाल लाल झाला, खाज सुटली, डोळा सुजला, तर आपण म्हणतो, “ऊन लागलं असेल.”

म्हणून यंदा आरोग्याच्या पानावर हा विषय घेतला आहे. निळ्यापासून पांढऱ्यापर्यंत आपल्या धम्मध्वजाचे पाचही रंग स्वयंपाकघरातून आणि कुंपणावरच्या वेलीपासून करता येतात. खर्च थोडा, काम सोपे. ते कसे करायचे, कसे लावायचे आणि थोड्या पाण्यात कसे काढायचे, ते क्रमाने पाहू.

लेकराची कातडी वेगळी का?

लहान मुलाची त्वचा मोठ्या माणसापेक्षा पातळ असते. वजनाच्या मानाने तिचा पसाराही जास्त असतो. त्यामुळे वरून लावलेली वस्तू मुलांच्या अंगात तुलनेने जास्त शोषली जाते. दुसरे म्हणजे मुलांचा हात सारखा तोंडात जातो. गालावरचा रंग हाताला, हाताचा रंग बिस्किटाला आणि बिस्किटाबरोबर पोटात. म्हणून मुलांच्या रंगाला एकच साधी कसोटी लावा : यातला थोडा पोटात गेला तर चालेल का? ज्या रंगाला ‘नाही’ म्हणावे लागते, तो गालालाही नको.

हे रंग तोंडाला लावू नका

*ऑइलपेंट आणि चंदेरी-सोनेरी रंग.* देखाव्यात ‘जिवंत पुतळा’ करताना हे सर्रास फासले जातात. चंदेरी रंगात धातूची भुकटी असते आणि तो टर्पेंटाइन किंवा थिनरमध्ये पातळ केलेला असतो. त्याने कातडी भाजल्यासारखी होते. जुन्या डब्यातल्या रंगात शिसेही असू शकते. घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दर दहा लाख भागांमागे ९० भागांपेक्षा जास्त नसावे, असा नियम आपल्या देशात २०१६ साली झाला. कारखान्यात आणि यंत्रांना लावायचे रंग त्यात धरलेले नाहीत. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते, आणि ‘एवढे चालते’ अशी त्याची कोणतीही सुरक्षित मात्रा नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

*कपड्यांची नीळ.* निळी आहे, स्वस्त आहे, घरात आहे, म्हणून ती सहज वापरली जाते. पण ती कपड्यासाठी बनवलेली आहे. डोळ्यात गेली तर आग होते, आणि कातडीवर तिचा डाग दोन-तीन दिवस राहतो.

*पोस्टर कलर आणि मार्कर.* डबीवर ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलेले असते, म्हणून आपल्याला हायसे वाटते. त्याचा अर्थ एवढाच, की कागदावर चित्र काढताना मुलाच्या बोटाला थोडा लागला तर बिघडत नाही. तो तोंडाला फासून चार तास उन्हात ठेवण्यासाठी तपासलेला नसतो.

*सुटा गुलाल आणि रांगोळी.* पोत्यातून सुट्या विकल्या जाणाऱ्या गुलालावर लेबल नसते. त्यात काय आहे, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. रांगोळी ही दगडाची भुकटी. दोन्ही डोळ्यात आणि श्वासात जातात. दम्याच्या मुलाला तर त्यांच्यापासून लांबच ठेवा. मिरवणुकीत गुलालाऐवजी फुलांच्या पाकळ्या उधळायचे मंडळाने ठरवले, तर मुलांबरोबर म्हाताऱ्यांचाही त्रास वाचेल.

*‘काळी मेंदी’ आणि केसांचा डाय.* मेंदीचा खरा रंग तांबूस-तपकिरी. तासाभरात कुळकुळीत काळी चढणारी मेंदी म्हणजे बहुधा तिच्यात केसांच्या डायमधले पीपीडी हे रसायन मिसळलेले असते. त्याने फोड येतात, व्रण राहतात. काहींना त्याची जन्माची ॲलर्जी जडते आणि पुढे मोठेपणी केस रंगवतानाही त्रास होतो. मिशा-दाढी काढायलाही डाय वापरू नका.

*विकतचा सुरमा.* काही सुरम्यांत शिशाचे खनिज असते. डोळ्याच्या कडेला तो नकोच.

तयार फेसपेंट घ्यायचाच असेल, तर डबीवर बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापरण्याची मुदत आहे का ते पाहा. सौंदर्यप्रसाधनांवर हे छापणे कायद्याने बंधनकारक आहे. त्यांत रंगासाठी शिसे किंवा आर्सेनिक वापरायलाही मनाई आहे. ज्या डबीवर यातले काहीच नाही, ती दुकानदाराला परत द्या.

पाच रंग, पाच जिन्नस

आपला पंचरंगी धम्मध्वज १८८५ साली श्रीलंकेत, म्हणजे त्या वेळच्या सिलोनमध्ये, तयार झाला. त्याच्या रंगांची पाली नावे नील, पीत, लोहित, ओदात आणि मंजिष्ठ. म्हणजे निळा, पिवळा, तांबडा, पांढरा आणि केशरी. यातले मंजिष्ठ हे नावच एका वनस्पतीचे आहे. मंजिष्ठा नावाच्या वेलीच्या मुळापासून पूर्वी कापड रंगवत. रंग झाडापाल्यातून आणि मातीतून काढायची रीत आपल्याकडे अशी जुनी आहे. अजिंठ्याच्या लेण्यांतले चित्रकार तांबडा, पिवळा, हिरवा हे रंग दगड-मातीतून काढत. त्यांनाही निळ्याचीच अडचण होती. तिथल्या भित्तिचित्रांतला निळा ज्या दगडाचा आहे, तो लाजवर्द अफगाणिस्तानाकडून यायचा. आपल्याला इतके लांब जावे लागत नाही. आपला निळा कुंपणावर फुलतो.

आधी मूळ लेप

सगळ्या रंगांना पाया एकच. लागणारे सामान :

- कॉर्नफ्लोअर (मक्याचे पांढरे पीठ) किंवा आरारूट : २ लहान चमचे
- कोल्ड क्रीम, शक्यतो बिनवासाची आणि लेकराला आधीपासून सोसणारी : १ लहान चमचा
- रंगाचे पाणी : १ लहान चमचा

कॉर्नफ्लोअर बारीक चाळणीने किंवा ओढणीच्या कापडातून चाळून घ्या. खडा राहिला तर गालाला घासतो. त्यात क्रीम घालून चमच्याच्या पाठीने रगडा. मग रंगाचे पाणी थेंब-थेंब घालत कालवा. इडलीच्या पिठाएवढे दाट झाले की थांबा. पातळ झाले तर चिमूटभर पीठ, घट्ट झाले तर दोन थेंब पाणी. एवढ्यात आठ-दहा मुलांच्या गालांवर रुपयाएवढे चित्र सहज होते.

क्रीमऐवजी व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल घेऊ नका. तेल आणि पाण्याचा रंग एकमेकांत मिसळत नाहीत, लेप फुटतो. क्रीम नसेल तर खळ करा. अर्धी वाटी गार रंगाच्या पाण्यात एक चमचा कॉर्नफ्लोअर कालवून मंद आचेवर ढवळत राहा. खळ दाटली की उतरवून पूर्ण गार करा. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या ग्लिसरीनचे तीन-चार थेंब घातले की वाळल्यावर ती तडकत नाही. वरून एक चमचा कोरडे कॉर्नफ्लोअर मिसळले की रंग उठून दिसतो.

टाल्कम पावडर मात्र पायाला वापरू नका. ती उडते आणि मुलांच्या श्वासात जाते.

निळा (नील) : गोकर्ण

गोकर्णीची निळी वेल आपल्याकडे कुंपणावर, शाळेच्या जाळीवर, विहाराच्या फाटकावर दिसते. पंचवीसेक ताजी फुले घ्या, किंवा वाळलेली दीड-दोन चमचे. देठाकडचा हिरवा भाग काढून टाका. अर्धी वाटी उकळत्या पाण्यात टाकून पंधरा मिनिटे झाकून ठेवा. गाळून घ्या आणि मंद आचेवर दोन-तीन चमचे उरेपर्यंत आटवा. पाणी गार झाले की लेपात घाला.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. हा निळा आभाळासारखा निवळ येतो, झेंड्याच्या कापडासारखा गडद येत नाही. पहिला हात वाळल्यावर दुसरा दिला की खुलतो. दुसरे, हा रंग आंबटाला जांभळा होतो आणि खारट-जड पाण्यात त्याला हिरवट झाक येऊ शकते. म्हणून बोअरच्या जड पाण्याऐवजी फिल्टरचे पाणी घ्या आणि लिंबाचा हात लागू देऊ नका. मुलांना मात्र एका वाटीत लिंबाचा थेंब टाकून दाखवा. निळ्याचा जांभळा होताना पाहून ती टाळ्या पिटतील, आणि विज्ञानाचा एक धडाही होईल. तेवढी वाटी चेहऱ्यासाठी वापरू नका. लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडले तर काळे डाग आणि फोडही येऊ शकतात.

गोकर्णीच्या शेंगा आणि बिया मुलांच्या हाती देऊ नका. बी पोटात गेले तर जुलाब होतात. आपल्याला फक्त पाकळ्या हव्या आहेत.

निळा गडदच हवा असेल तर खाण्याचा रंग चालेल, पण सुटा नाही. पाकिटावर ‘ब्रिलियंट ब्लू एफसीएफ’ हे नाव आणि एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक पाहून घ्या. टूथपिकच्या टोकावर येईल एवढाच घाला. जास्त घातला तर डाग दुसऱ्या दिवशीपर्यंत राहतो.

पिवळा (पीत) : हळद

वसमत, हिंगोली, नांदेड हा आपला हळदीचा मुलूख. हळकुंडे आणून घरी किंवा गिरणीत दळलेली हळद उत्तम. सुट्या हळद पावडरीत पिवळेपणा वाढवण्यासाठी लेड क्रोमेट मिसळल्याची प्रकरणे आपल्या उपखंडात सापडली आहेत. ते शिशाचेच संयुग आहे. ती हळद जशी भाजीत नको, तशी गालालाही नको.

पाव चमचा हळद एक चमचा कोमट पाण्यात भिजवून कापडातून गाळा आणि ते पाणी लेपात घाला. हळदीचा डाग रेंगाळतो, म्हणून कमीच घ्या. साबण लागला की हळद लाल होते. धुताना गाल लाल दिसला तर आधी घाबरू नका. साबणातल्या खारामुळे हळदीचाच रंग पालटलेला असतो.

तांबडा (लोहित) : बीट

एक लहान बीट किसून कापडात पिळा. तो रस तसाच लेपात घाला. आटवायला ठेवू नका, फार तापवला की बीटचा रंग तपकिरी पडतो. रंग गुलाबीकडे झुकतो. चिमूटभर हळद घातली की तांबड्याच्या जवळ येतो. विकतचे कुंकू किंवा शेंदूर यासाठी वापरू नका. कुंकवात कोणता रंग घातला आहे ते कळत नाही, आणि शेंदूर हे मुळात शिशाचे किंवा पाऱ्याचे संयुग असते.

पांढरा (ओदात) : मूळ लेपच

रंगाच्या पाण्याऐवजी साधे पाणी घातले की पांढरा तयार. कॉर्नफ्लोअर अर्धा चमचा जास्त घ्या. खायचा चुना, भिंतीचा चुना, सफेदा यांतले काहीही घालू नका. चुना कातडी भाजतो आणि डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते.

केशरी (मंजिष्ठ) : पळस

हा अंक हाती येईल तेव्हा माळावर पळस फुललेला असेल. फुले आणून सावलीत वाळवा. मूठभर फुले एक वाटी गरम पाण्यात रात्रभर ठेवा, सकाळी गाळा आणि थोडे आटवून वापरा. पळस मिळाला नाही, तर हळदीचे पाणी आणि बीटचा रस एकत्र करा. तोही केशरी येतो.

पाचही रंग वेगवेगळ्या स्वच्छ वाट्यांत काढा आणि झाकून ठेवा. यात टिकवण्याचे औषध नाही. लातूरच्या एप्रिलच्या उकाड्यात हा लेप लवकर आंबतो. सकाळी करा, दुपारपर्यंत वापरा, उरलेला टाकून द्या. ‘बुद्ध पौर्णिमेला होईल’ म्हणून ठेवू नका.

आदल्या दिवशी तपासणी

घरचे आहे म्हणून सगळ्यांना सोसेलच असे नाही. हळद, बीट, फूल, क्रीम, यांतले काहीही एखाद्या मुलाला चालत नसेल. १३ एप्रिलला सकाळी प्रत्येक रंगाचा ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका कोपराच्या आतल्या बाजूला लावा. अर्ध्या तासाने पुसा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत लक्ष ठेवा. लाली, खाज, पुरळ आले तर तो रंग त्या मुलाला नको.

पुढच्या मुलांना रंग लावूच नका : तीन वर्षांच्या आतली मुले, तोंडावर जखम, गळू, नायटा, खरूज किंवा पुरळ असलेली मुले, डोळे आलेली मुले, आणि ज्यांना पूर्वी क्रीम-पावडरची ॲलर्जी झाली आहे ती. त्यांना निळी फीत बांधा, छातीला बिल्ला लावा. त्यांची जयंती त्याने कमी होत नाही.

लावताना

- आधी तोंड स्वच्छ धुऊन पुसा. क्रीमचा अगदी पातळ हात द्या, म्हणजे डाग कमी बसतो.
- चित्र गालावर काढा, डोळ्याच्या खाली दोन बोटे सोडून. कपाळावर काढू नका, घामाबरोबर रंग डोळ्यात उतरतो. ओठांवरही नको.
- सगळ्यात चांगली जागा म्हणजे हाताची मागची बाजू आणि दंड. मुलाला स्वतःलाही चित्र बघता येते.
- सगळे तोंड किंवा अंग रंगवू नका. उन्हात घाम येऊनच अंग गार होते. त्यावर लेपाचा थर चढवला तर मूल तापते.
- एक काडी, एक मूल. कापूस गुंडाळलेली काडी किंवा इअरबड वापरा आणि टाकून द्या. एकच ब्रश वीस मुलांच्या तोंडावर फिरला, तर खरूज, पुळ्या आणि डोळ्यांची साथही फिरते. वाटीतला रंग आधी झाकणावर काढून घ्या. वापरलेली काडी पुन्हा वाटीत बुडवू नका.
- पंख्याखाली पाच-सात मिनिटे वाळू द्या.

चित्र काढता येत नाही म्हणून अडू नका. बटाट्याचा अर्धा भाग कोरून पिंपळपानाचा ठसा करा. असा ठसाही प्रत्येक मुलाला वेगळा हवा, म्हणून तो हातावरच्या चित्रांसाठी ठेवा आणि दरवेळी धुऊन पुसून घ्या. भेंडी आडवी कापली की फूल उमटते. ती तर प्रत्येक लेकराला नवी देता येते. धम्मचक्र काढणार असाल तर आरे आठ, अशोकचक्र काढणार असाल तर चोवीस. एवढ्याशा गालावर आठच बरे बसतात. पेन, उघडे पुस्तक, ‘जय भीम’ ही अक्षरे, हेही सोपे आहे.

काढताना : रॉकेल नको, पाणीही थोडेच

लातूरकरांना पाण्याची किंमत कोणी शिकवायला नको. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पाण्याची ती पहिली गाडी १२ एप्रिलला, म्हणजे जयंतीच्या दोन दिवस आधी, लातुरात पोचली. आजही अनेक वस्त्यांत नळ रोज येत नाही. म्हणून रंग असा हवा, की तो एका तांब्यात निघावा.

आधी कोरड्या मऊ कापडाने वाळलेला थर टिपून घ्या, अर्धा रंग तिथेच निघतो. मग बोटाला खोबरेल तेल घेऊन हळू गोल फिरवा आणि त्याच कापडाने पुसा. शेवटी चमचाभर बेसन पाण्यात कालवून लावा आणि एका तांब्यात तोंड धुवा. राहिलेली फिकट झाक एक-दोन दिवसांत आपोआप जाते. ती घालवण्यासाठी घासू नका.

रॉकेल, थिनर, टर्पेंटाइन, पेट्रोल यांतले काहीही लेकराच्या तोंडाजवळ आणू नका. त्याने कातडी सोलते. वासाने गुंगी येते. एखादा घोट चुकून पोटात गेला तर रॉकेल फुप्फुसात उतरून न्युमोनिया होतो. अशा वेळी उलटी करवू नका. उलटीबरोबर ते फुप्फुसात जाण्याचा धोका वाढतो. लगेच दवाखाना गाठा.

देखाव्यातल्या मुलांना गोरे करू नका

जयंतीच्या देखाव्यात आणि शाळेच्या गॅदरिंगमध्ये आणखी एक प्रकार चालतो. सिद्धार्थ व्हायचा, रमाई व्हायची, की लेकराच्या तोंडाला पांढऱ्या पावडरचा थर चढवला जातो. काही घरांत तर महिनाभर आधीपासून गोरे होण्याचे क्रीम चोळतात. अशा काही क्रीममध्ये पारा सापडला आहे, आणि पारा मूत्रपिंडांना आणि मेंदूला इजा करतो. हा झाला आरोग्याचा भाग.

दुसरा भाग त्याहून मोठा आहे. सावळ्या लेकराला बुद्धाची भूमिका करण्यासाठी आधी पांढरे केले, तर त्यातून ते काय शिकते? आपला रंग झाकण्यासारखा आहे, मोठी माणसे गोरी असतात, हेच ना? रंगावरून आणि जातीवरून माणसाची किंमत ठरवणाऱ्यांशी ज्यांनी जन्मभर झगडा केला, त्यांच्या जयंतीला आपणच लेकराला हा धडा देऊ नये. बाबासाहेब व्हायला कोट, चष्मा आणि हातात पुस्तक पुरते. रमाईला लुगडे आणि डोईवरचा पदर. सावित्रीमाईला पाटी-पेन्सिल. तोंड लेकराचे स्वतःचेच राहू द्या.

‘जिवंत पुतळा’ करायचाच असेल तर चंदेरी रंगाऐवजी चंदेरी कापडाचे कपडे वापरा. तोंड-हात मोकळे ठेवा, अर्ध्या-अर्ध्या तासाने मूल बदला आणि सारखे पाणी पाजत राहा.

त्रास झालाच तर

*डोळ्यात रंग गेला :* चोळू देऊ नका. स्वच्छ पाण्याची बारीक धार पंधरा मिनिटे डोळ्यावर सोडा. लाली राहिली तर डॉक्टरांना दाखवा. चुना गेला असेल तर धार धरून लगेच धुवा आणि मग वाट न पाहता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

*खाज, लाली, पुरळ :* रंग लगेच काढा, गार पाण्याची घडी ठेवा. हळद, चुना, टूथपेस्ट असले उपाय करू नका. मेडिकलमधून विचारून आणलेली स्टिरॉइडची क्रीम मुलाच्या तोंडाला लावू नका. दोन दिवसांत उतरले नाही, फोड आले, पाणी सुटले तर त्वचेच्या डॉक्टरांकडे न्या. लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेचे रुग्णालय आहे, नांदेडला विष्णुपुरीचे शासकीय रुग्णालय आहे. जाताना रंगाची डबी किंवा पाकीट बरोबर घ्या.

*ओठ-डोळे सुजले, धाप लागली, सारख्या उलट्या झाल्या, मूल मलूल पडले :* १०८ ला फोन करा. मिरवणूक संपायची वाट पाहू नका.

मंडळासाठी आणि विहारासाठी

हे काम एकेका घरापेक्षा सगळ्यांनी मिळून केले तर सोपे जाते. महिला मंडळाने १३ तारखेला सकाळी विहारात मुलांची ठिपक्याची तपासणी घ्यावी. कोणत्या मुलाला काय सोसत नाही, ते वहीत लिहावे. १४ ला सकाळी एक टेबल, पाच वाट्या, कापसाच्या काड्या आणि टाकलेल्या काड्यांसाठी एक डबा मांडावा. रंग लावणाऱ्या ताईने हात धुतलेले आणि नखे कापलेली असावीत. कॉर्नफ्लोअर, कापूस आणि हळकुंडे गंजगोलाईत एका फेरीत मिळतात. पन्नास मुलांचा खर्चही वर्गणीला जड जाणार नाही.

आणि पुढच्या वर्षासाठी आताच ठरवा. मृगाचा पाऊस पडला की विहाराच्या कुंपणाला गोकर्णीच्या दहा बिया लावा. बी रात्रभर पाण्यात भिजवून लावले की लवकर उगवते. दोनेक महिन्यांत वेल फुलायला लागते. बी मोठ्यांनीच लावावे. मुलांनी रोज सकाळी निळी फुले तोडून सावलीत वाळवावीत आणि झाकणाच्या कोरड्या बरणीत भरून ठेवावीत. एप्रिल येईपर्यंत साऱ्या वस्तीच्या लेकरांना पुरेल एवढा निळा त्या बरणीत जमा होईल.

जय भीम!